बुधवारचे बत्तीस

लष्करात, दाल बाजाराच्या मागच्या गल्लीत
आमची शाळा. सातवी ब. पटावर एकतीस,
घरी मराठी बोलणारी चार.
एप्रिल. खिडकीतून किल्ला दिसतो,
पण साडेदहानंतर तिकडे बघवत नाही.

प्रयोगवहीत पाच मथळे छापलेलेच असतात:
उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान.
पोरं शेवटचा आधी भरतात.
मीही भरायचे. थेट बी.एस्सी.पर्यंत.
लोलक न हलवता
त्याचे वीस हेलकावे मोजलेत मी
आणि पैकीच्या पैकी गुण घेतलेत.

म्हणून या वर्षी माठ आधी, वही नंतर.
दोन माठ, तनया प्रजापतिच्या घरचे,
एकाच भट्टीतले, एकाच मापाचे.
एकाला बाहेरून निळा ऑइलपेंट, दोन हात.
दुसरा तसाच, उघड्या अंगाचा.
आता सांगा, गार पाणी कुठल्यात? आणि का?
'का' नसेल तर तो अंदाज नाही, सट्टा आहे.
हरगोविंद म्हणाला, निळ्यात.
निळा रंगच थंड असतो.
लिहून घेतलं. हसले त्यांना गप्प केलं.
चुकीचं वाक्य निदान तपासता येतं,
"काहीतरी होईल" हे कसं तपासणार?

सोमवार: साधा सव्वीस, निळा तेहेतीस.
मंगळवार: साधा सव्वीस, निळा तेहेतीस.
हरगोविंदनं आपलं वाक्य स्वतःच खोडलं,
एकाच रेघेनं, खालचं वाचता येईल असं.
बुधवार: साधा बत्तीस.

पंख्याचा आवाज तेवढा.
मग पहिल्या बाकावरून रेवती फाळके,
"म्याडम, सव्वीसच लिहून देऊ ना?
रोज सव्वीसच येऊन राहिलं."
खरं सांगते,
माझाही हात खोडरबरापर्यंत गेला होता.

बत्तीस राहू दे, म्हटलं. चौकट कर त्याला.
कोणी केलं हे विचारत नाही मी,
काय झालं ते विचारतेय.
पोरं, जी खाली बघत होती,
हळूहळू माठाकडे बघायला लागली.

गुरुवारी मधल्या सुट्टीत
रेवती डबा घेऊन जिन्याखाली बसली.
पाच मिनिटांत धावत वर, तोंडात घास:
"रामसनेही भैया भरून राहिले!
गच्चीच्या टाकीतून!"

रामसनेही हातात बादली घेऊन उभे,
शाळेत वीस वर्षं, आणि चेहरा शिक्षा झाल्यासारखा.
"दूसरी के बच्चे पी जाते हैं, मैडम.
खाली माठ अच्छा नहीं लगता."
कुठला माठ?
"यही वाला. नीले का कोई नहीं पीता."

म्हणजे दुसरीच्या पोरांनी
आमच्या आधीच, थर्मामीटरशिवाय,
जिभेनं अनुमान काढलं होतं
आणि कुठल्याच मथळ्याखाली लिहिलं नव्हतं!
मला ते इतकं आवडलं
की फळ्यावर घेतलं, बुधवारच्या चौकटीसमोर:
कारण, तहान.
खाली शेवटची रेघ ओढायला घेतली.

"पण म्याडम."
तनया. ती सहसा बोलत नाही.
"साधा माठ दारापाशी आहे.
निळा आत, कोपऱ्यात.
छोट्यांना जवळचा मिळाला
म्हणून त्यातलं प्यायले असतील."

खडू रेघेच्या मध्यावर थांबला.
मी उत्तर शोधलं. नव्हतं.
इतक्या वर्षांत नसण्याचा
इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

बाहेर लू सुटली होती,
गल्लीतली शटरं एकेक खाली येत होती.
हरगोविंदनं निळा उचलला, मी साधा.
दारात एकमेकांना वाट देताना
पाणी हिंदकळलं, थोडं माझ्या पायावर सांडलं.

गार वाटलं.
वाटलं, एवढंच.
मोजलेलं नाही.